रिकामी तिवई

१

माठ जागेवर नव्हता.

पॅकहाऊसच्या मागे, क्रेट धुण्याच्या हौदापासून थोडं दूर, बाभळीखाली एक लोखंडी तिवई उभी होती. तिच्यावर पाण्याचा माठ असायला हवा होता. तिवई रिकामी होती.

"काल व्हता, ताई," बयाबाई म्हणाली. "सांजच्याला मीच काठोकाठ भरला व्हता. लेकराची आण."

"काल व्हता म्हणं!" मुकादम भगवंत हसला. "माठाला काय पाय फुटले, का एसटीनं घाटघरला गेला? बघा शेठ, कागदावर कायबी लिवायचं अन् सरकारला धाडायचं. आता पडली का न्हाई खोटी?"

दलीचंदशेठ रुमालानं मान पुसत राहिले.

हे प्रकरण काय होतं, ते आधी सांगायला हवं. पिंपळवंडीच्या शिवारात दलीचंदशेठांचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे. हंगामात तिथं दोन प्रकारच्या बायका कामाला असतात. आसपासच्या गावांतल्या बायका आत, गार हॉलमध्ये टेबलाशी बसतात आणि बारीक कात्रीनं घडातले खराब मणी काढतात. घाटघरकडच्या डोंगरातून आलेल्या आदिवासी बायका बाहेर उन्हात क्रेट उचलतात, क्रेट धुतात आणि हंगाम संपेपर्यंत मागच्या खोल्यांतच राहतात.

त्यांच्यातल्या बयाबाईनं आदिवासींसाठीच्या सरकारी आयोगाकडे तक्रार केली होती. काम येत असूनही आम्हाला टेबलाशी बसू देत नाहीत. आतल्या कूलरला हात लावू देत नाहीत. आमच्यासाठी मागं वेगळा माठ ठेवलाय, तहान लागली की तिकडंच जायचं.

आयोगाचं पत्र शेठांना आलं. तुमचं म्हणणं लेखी द्या, आमचे अधिकारी दोन दिवसांत जागा बघायला येतील.

म्हणून शेठांनी वृषालीताई ढोबळेंना बोलावलं होतं. मूळच्या लोणीच्या वृषालीताईंनी बरीच वर्षं कामगार कार्यालयात काढली होती. आता अशी पत्रं आली की काय करायचं, हे त्या छोट्या मालकांना शिकवत. आदल्या दिवशी फोनवर त्यांनी शेठांना बजावलं होतं, "तक्रार करणाऱ्या बाईला एक शब्द बोलू नका. तिचं काम बदलू नका. आणि आवारात आहे ते तसंच राहू द्या. वीटसुद्धा हलवू नका."

आणि नेमका माठच हलला होता.

सगळं आवार शोधून झालं. खापराचा तुकडाही मिळाला नाही. हौदाशी बसलेल्या बयाबाईच्या सोबतिणी माना खाली घालून क्रेट घासत होत्या. एकीनंही वर पाहिलं नाही. हंगामाचं काम सगळ्यांनाच हवं होतं.

"उद्या साहेब येतील," बयाबाई म्हणाली. "माठ न्हाई म्हनल्यावर मीच खोटी. काम जाईल त्ये जाऊ द्या. पर गावात समदी म्हनतील, बया खोटारडी. मग पुन्यांदा कुनी बाई तोंड उघडंल का?"

वृषालीताई तिवईजवळ उकिडव्या बसल्या. खाली पिठासारखी मऊ धूळ होती. तिच्यावर चिमण्यांच्या पायांच्या नक्ष्या होत्या. त्यांनी बोटानं धूळ उकरून पाहिली. खालपर्यंत कोरडी.

त्या विचारात पडल्या. काठोकाठ भरलेला माठ एकट्या माणसाला सहज उचलवत नाही. तो आधी रिकामा करावा लागतो. इथं पाणी ओतलं असतं तर धुळीवर पापुद्रा धरला असता.

मग माठभर पाणी गेलं कुठं?

२

"मला काय इचारता मॅडम?" भगवंत खुर्चीत मागं रेलला. "मी मुकादम. माझा संबंध क्रेटशी."

"बयाबाईला उद्यापासून कामावर येऊ नको असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं. खाल्ल्या घरचे वासे मोजनारी मानसं कशाला ठेवायची?"

"भगवंतराव, तिला आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा की तिचं काम चालू आहे. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं हा तक्रारीतल्या गोष्टीपेक्षा मोठा गुन्हा होतो. मालक अडकतो, आणि तुम्हीही."

भगवंत जरा सावरून बसला. "माझ्यावर डाऊट घेऊ नका हां. मी काढला असता तर एका लाथंत आडवा केला असता. उचलून बिचलून न्यायला कुनाला येळ हाय?"

"म्हणजे माठ होता तर."

भगवंतानं मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तिच्याकडेच बघत बसला.

वृषालीताईंनी त्याला तसाच बसू दिला. तो उद्धट होता, पण लाथेचं खरं बोलत होता. त्यानं माठ जागच्या जागी कलंडवला असता. धूळ ओली झाली असती.

मग त्या हॉलमध्ये गेल्या. टेबलाशी सगळ्यांत जुनी बाई ठमाबाई. तिच्या हातातली कात्री बोलतानाही थांबत नव्हती.

"त्या माठाला आमी कशाला शिवू?" ठमाबाई म्हणाली. "आमच्यातली एकबी बाई त्या बाभळीकडं फिरकत न्हाई."

"का?"

"का म्हंजे? त्येंचं येगळं, आमचं येगळं. पयल्यापास्नं हाय."

"पॅकहाऊस तर काही वर्षांपूर्वीच झालं. पहिल्यापासून म्हणजे कुणी ठरवलं?"

ठमाबाईनं एक मणी कापून खाली टाकला. "वरनंच ठरलं. तुमी शिकल्याल्या. वळखा तुमीच." मग विषय बदलत ती म्हणाली, "येताना रस्त्यावरची पाणपोई बगितली न्हवं? दरसाल महावीर जयंतीला मांडत्यात. औंदा शेठनी जयंतीच्या आदीच मांडली. आज सकाळीच. टेम्पोतनं उतरलो अन् समद्या जनी तिथंच पोटभर प्यालो. लई पुन्याचं काम बगा. शेठ मानूस द्येव हाय."

शेजारच्या बायकांनी माना डोलावल्या. वृषालीताईंनीही येताना तिथंच पाणी घेतलं होतं. लाल कापड गुंडाळलेले तीन माठ, त्यांना झेंडूचे हार. उन्हातून आल्यामुळे त्या पहिल्याच माठाशी थांबल्या होत्या. पाणी कोमट लागलं होतं. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं.

"ठमाबाई, शेठांना ही पाणपोई आजच मांडायची घाई का झाली?"

पहिल्यांदाच कात्री थांबली. "त्ये मोठ्या बाईस्नी इचारा. पान्याचं समदं त्येच बगत्यात."

३

मोठ्या बाई म्हणजे झमकूबाई, शेठांच्या आई. पॅकहाऊसला लागूनच शेठांचं घर होतं, आणि घराच्या अंगणात जुनी विहीर. विहिरीला पंप बसवलेला असला तरी म्हातारीचं पाणी अजून रहाटानंच निघत असे.

"बस बेटा. आधी पाणी पी," झमकूबाई म्हणाल्या. त्यांनी हंड्याच्या तोंडावर दुपदरी पांढरं कापड बांधलं होतं. बादलीतलं पाणी त्या कापडातून बारीक धारेनं सोडत होत्या.

"इतकं स्वच्छ पाणी, तरी गाळता?"

"दिसतं स्वच्छ. पण पाण्यात जीव असतात, आपल्याला न दिसणारे. ते पोटात जाऊ नयेत म्हणून गाळायचं. आणि नुसतं गाळून भागत नाही." म्हातारीचा चेहरा खुलला. कुणी विचारलं की तिला सांगायला फार आवडे. "कापडावर जे जीव राहिले, ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे. ही बादली बघ. हिच्या बुडाला कडी आहे. कडीला दुसरी दोरी. बादली अलगद खाली सोडायची, पाण्याला टेकली की कडीची दोरी ओढायची. बादली तिथंच कलते. वरून पाणी फेकलं तर जीव मरतात ना."

"आणि न गाळलेलं पाणी ओतून द्यायची वेळ आली तर?"

"ते तर तापलेल्या मातीवर कधीच नाही टाकायचं! पाप लागतं. ते विहिरीलाच परत."

"हे सगळ्यांना येतं?"

"कुठलं येतंय! त्या भगवंताला दहादा शिकवलं, गाढवाला जमत नाही. सुनेला कंटाळा. मी आणि माझा दलू. दलू अगदी लहान होता तेव्हापासून सासऱ्यांनी त्याला हाताला धरून शिकवलं." झमकूबाईंनी एकदम भुवया आकसल्या. "पण बरं आठवलं. आज पहाटे मी दर्शनाला जायच्या आधी इथं आले, तर दोरी आधीच ओली. दोन्ही दोऱ्या. माझ्या बादलीला कुणी हात लावला कोण जाणे. भगवंताला झापलं मी. तो म्हणतो, मी नाही."

वृषालीताईंच्या हातातला पेला ओठांपाशीच थांबला.

म्हातारीला माठ उचलणं शक्यच नव्हतं. पेला देतानासुद्धा तिचे हात थरथरत होते. मग दुसरी दोरी वापरता येणारं माणूस उरलं एकच.

आणि त्यानंच त्यांना इथं बोलावलं होतं.

४

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. माठ सापडायला हवा होता. वृषालीताई बयाबाईला घेऊन रस्त्यावर गेल्या.

"बयाबाई, नवा माठ आणि जुना माठ, ओळखायचा कसा?"

"त्यात काय? नवा पाझरतो. अंगाला हात लावला की वला लागतो, पानी गार ऱ्हातं. जुन्याची भोकं क्षारानं बुजत्यात. त्यो कोरडा ऱ्हातो, अन् पानी कोमट."

"आता या तिन्हींच्या कापडाला हात लावून बघ."

बयाबाई पाणपोईपाशी गेली आणि थबकली. तिचा हात आपोआप मागं आला. वृषालीताई काही न बोलता वाट बघत राहिल्या. शेवटी तिनं हात पुढं केला. एका माठाचं लाल कापड गच्च ओलं. दुसऱ्याचंही ओलं. तिसऱ्याचं, रस्त्याकडून पहिल्याच उभ्या असलेल्या माठाचं, खडखडीत कोरडं.

"तुमच्या माठाला काही खूण होती?"

"काठाची कपची उडाल्याली. सुपारीयेवढी. माज्याच हातनं पेला लागून."

वृषालीताईंनी हार बाजूला करून कापडाची गाठ सोडली. काठाची सुपारीएवढी कपची उडालेली होती.

बयाबाई माठाकडे बघत राहिली. आनंद झाल्यासारखी ती दिसत नव्हती. "ताई," ती हळू म्हणाली, "म्हंजी सकाळधरनं ही समदी मानसं…"

"हो. सगळे यातलंच पाणी प्याले. मीसुद्धा."

"अन् कुनाला काय बी झालं न्हाई."

वृषालीताईंना तिच्या डोळ्यांत बघवलं नाही. त्यांनी कापड पुन्हा बांधलं आणि तडक शेठांच्या ऑफिसची वाट धरली.

५

शेठ एकटेच होते. समोर आयोगाचं पत्र पडलं होतं.

"मिळालं का काही?" त्यांनी विचारलं. मग उत्तर यायच्या आतच म्हणाले, "नाही मिळालं तर तुम्ही तसंच लिहून टाका. पाहणी केली, माठ आढळला नाही. तुमची सही असली की साहेबांचा विश्वास बसेल."

"शेठ, तिवईखालची धूळ कोरडी आहे," वृषालीताई शांतपणे म्हणाल्या. "भगवंतानं माठ तिथंच लवंडून दिला असता. टेबलावरच्या बायका त्याला शिवल्या नसत्या. घाटघरच्या बायकांना तो नाहीसा करून काही मिळणार नव्हतं. ज्यानं तो नेला, त्याला ते पाणी मातीवर टाकवलं नाही. त्यानं ते पहाटे विहिरीवर नेलं आणि कडीच्या बादलीनं, दुसरी दोरी ओढून, अलगद परत सोडलं."

शेठांची मान खाली गेली.

"आईनं सांगितलं?"

"त्यांना काहीच माहीत नाही. त्या तुमचं कौतुक करत होत्या."

शेठांनी उठून ऑफिसचं दार लोटून घेतलं.

"पहिल्या हंगामात टेबलावरच्या बायका अडून बसल्या," शेठ बोलू लागले. "घाटघरच्या बायकांच्या तोंडचा पेला आम्हाला नको म्हणाल्या. बाहेर माल उन्हात उभा. मी मंचरच्या बाजारातून माठ आणला. तिवई करून घेतली. मीच. टेबलाशी कोण बसेल तेही तेव्हाच ठरवून टाकलं. मला वाटलं, भांडण मिटवलं."

"मिटवलं नाही तुम्ही. एका बाजूनं निकाल दिलात, आणि दुसऱ्या बाजूला विचारलंसुद्धा नाही."

"पत्र आलं आणि मी घाबरलो. माठ फोडायला गेलो तर हात उचलेना. मग वाटलं, पाणपोईत ठेवू. कुणाची तरी तहान भागेल. तेवढंच पुण्य…" दोन्ही तळहातांनी त्यांनी तोंड झाकलं. "न दिसणाऱ्या जिवांना जपलं हो मी पहाटे. मोठ्या भक्तीनं जपलं. आणि ही बाई तर रोज डोळ्यांसमोर असते."

वृषालीताईंनी त्यांना सावरायला वेळ दिला. एखाद्या मुलाला चुकलेलं गणित पहिल्या पायरीपासून समजवावं, तसं मग त्या बोलू लागल्या.

"असं पत्र आलं की मालक पहिला प्रश्न विचारतो, हे कुणी केलं? तो प्रश्नच चुकीचा. विचारायचं असतं, हे खरं आहे का? खरं नसेल तर पुराव्यानिशी सांगायचं. खरं असेल तर कबूल करायचं आणि साहेब यायच्या आधीच सुधारायला लागायचं. तुम्ही सुधारणा केली नाहीत. पुरावा हलवलात. तेही मला उत्तरात लिहावं लागेल."

"दंड होईल?"

"होईल. कदाचित खटलाही उभा राहील. ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही."

"मग माझ्या हातात काय उरलं?"

"उद्या एक बाई खोटी ठरणार आहे. तिला खोटी ठरू द्यायची की नाही, एवढंच."

शेठांनी पत्र उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "तुम्हीच सांगाल का साहेबांना? एकांतात?"

"बयाबाईला खोटी ठरवलं ते सगळ्यांसमोर, शेठ."

शेठांनी पत्र खणात सरकवलं. उद्या ते बोलतील की आजारी असल्याचा निरोप पाठवतील, हे वृषालीताईंनाही सांगता आलं नसतं.

६

दुसऱ्या दिवशी आयोगाचे अधिकारी आले. हॉलमध्ये टेबलावरच्या बायका उभ्या होत्या. घाटघरच्या बायकांनाही बोलावलं होतं, पण आत यायची सवय नसल्यामुळे त्या दाराबाहेरच थांबल्या होत्या. बयाबाई एकटी आत आली होती. काहीतरी कार्यक्रम आहे असं वाटून झमकूबाईही येऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"तक्रारीत म्हटलेला माठ कुठं आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

भगवंत टोपीची घडी घालत होता. शेठ भिंतीला टेकून उभे होते. वृषालीताईंनी त्यांच्याकडे बघायचं मुद्दाम टाळलं.

"माठ मी हलवला, साहेब." शेठ भिंतीपासून पुढं आले. "आणलाही मीच होता. या बायकांना वेगळं पाणी मी दिलं. टेबलाशी त्यांना मी बसू दिलं नाही. तक्रार खरी आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून तो माठ मी काल पाणपोईत नेऊन ठेवला."

"पानपोईत?" ठमाबाई एकदम बोलून गेली. "म्हंजे काल सकाळच्याला आमी…"

"हो, ठमाबाई. तोच."

ठमाबाईचा हात ओठांकडे गेला. मग तो हात कुठं न्यावा ते तिला कळेना. शेजारच्या बायका फरशीकडे बघू लागल्या.

झमकूबाई खुर्चीवरून उठल्या. मुलाजवळ गेल्या. "दलू," त्या म्हणाल्या, "मुंग्यांच्या वारुळाला पीठ घालतो रे आपण." एवढंच बोलून त्या भिंतीचा आधार घेत घराकडे निघाल्या. शेठ त्यांना धरायला पुढं झाले. म्हातारीनं त्यांचा हात बाजूला केला.

अधिकारी टेबलाशी बसून लिहू लागले. आजपासून सगळ्यांचं पाणी एका ठिकाणी राहील. टेबलाचं काम घाटघरच्या बायकांनाही पाळीपाळीनं मिळेल. तक्रार करणारीला कामावरून काढणार नाही, त्रास देणार नाही. शेठ प्रत्येक वाक्याला हो म्हणत होते. पुढची कारवाई आयोग ठरवेल, असं अधिकाऱ्यांनी शेवटी सांगितलं. शेठ त्यालाही हो म्हणाले.

"बयाबाई, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

बयाबाईनं पदर सारखा केला. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे तिला जाणवत होतं. "मी खरं बोल्ले, ह्ये लिवलंय का त्यात?"

"लिहिलंय ना."

"वाचून दावा."

अधिकाऱ्यांनी वाचलं, "तक्रारदार बयाबाई यांनी केलेली तक्रार संपूर्ण खरी असल्याचं मालकानं सर्वांसमक्ष मान्य केलं."

"पुन्यांदा वाचा साहेब," बयाबाई म्हणाली. "जरा मोठ्यानं. दाराभायेर ऐकू जात न्हाई."

अधिकारी खुर्चीवरून उठले, कागद हातात धरून दाराकडे वळले आणि मोठ्यानं वाचू लागले. बाहेर उभ्या असलेल्या बायकांतल्या एकीनं मान वर केली. मग दुसरीनं केली. वाचून संपेपर्यंत दलीचंदशेठ खालमानेनं तिथंच उभे होते.